तात्यांची तीन एकर : 'दासीपुत्र', लेकावळे आणि जुना हिंदू कायदा

घोंगडी (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ११.१०

वारसनोंदीच्या कामासाठी दोन महिने गावाकडे खेटे घालतोय. सातारा जिल्हा, त्याहून जास्त पत्ता सांगत नाही. परवा माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडली. सोसायटीची पासबुकं, खताच्या पावत्या, आणि खाली एका दिवाणी दाव्याची नक्कल. साल १९५४. मधली पानं गायब, कडा उंदरांनी खाल्लेल्या. वादी आमचे तात्या, प्रतिवादी माझे आजोबा. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय, 'वादी हा मयतास राखेपासून झालेला दासीपुत्र असून...'

तात्या म्हणजे आजोबांचे भाऊ, एवढंच आम्हा पोरांना माहीत. त्यांचं घर मळ्यात, आमचं गावठाणात. लग्नाच्या पत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली त्यांचं नाव कधी छापलं नाही. देवकाच्या दिवशी ते मांडवात यायचे नाहीत, मागे चुलवणापाशी आचाऱ्याशी गप्पा मारत बसायचे. मला वाटायचं त्यांना स्वयंपाकाचा नाद आहे. आजी त्यांना जेवायला वाढायची पडवीत, आणि त्यांची पितळी कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची.

ओढ्याकाठची तीन एकर त्यांच्याकडे. एकूण बारापैकी. घरात कायम ऐकत आलोय, 'आबांनी मोठं मन करून दिली.' आबा म्हणजे माझे आजोबा. मोठं मन करून दिली, तर मग हा दावा कसला? आणि आमच्यासारख्या कुणबाऊ घरात 'दासी' कुठून आली? १९५४ साली, घटना लागू होऊन चार वर्षं झाल्यावर, कोर्टात हा शब्द चालत होता?

---

मोडीवाला
मंगळवार, रात्री ११.४२

शब्दापुरतं मी सांगतो, कायद्याचं आपले निवृत्त_वकील काका सांगतील.

'राख' म्हणजे ठेवलेली बाई. सरदारांच्या घरी तिलाच 'नाटकशाळा' म्हणत, आणि शहरी सभ्य भाषेत 'अंगवस्त्र'. तिच्या पोराला 'लेकावळा'. कागदांत 'खासे' आणि 'लेकावळे' अशी जोडी येते, खासे म्हणजे लग्नाच्या बायकोचे. बोलण्यात 'कडू' आणि 'गोड'. सोयरीक बघताना म्हातारी माणसं 'घर गोड आहे ना?' असं विचारायची, त्यात चवीचा संबंध नाही. आणि 'अक्करमाशी' हा सोनाराच्या तराजूतला शब्द. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकराच भरले तर माल कमअस्सल. एक मासा कमी, म्हणून अक्करमाशी. या शब्दाइतकी नेमकी आणि इतकी नीच शिवी मराठीत दुसरी नसेल.

दासी म्हणाल तर पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, त्यांची पोरं धन्याकडेच राहत. पण तुमच्या कागदातला 'दासी' तो नाही. तो संस्कृत पोथीतून कोर्टात आलेला आहे.

---

निवृत्त_वकील
बुधवार, सकाळी ७.०५

मोडीवाल्यांनी बरोबर ठिकाणी आणून सोडलं. जिल्हा न्यायालयात पस्तीस वर्षं काढली. माझ्या उमेदीत असल्या दाव्यांची शेवटची अपिलं चालू होती, त्यामुळे थोडं विस्ताराने.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या दायविभागात दीड श्लोक आहे: 'जातोऽपि दास्यां शूद्रेण कामतोंऽशहरो भवेत्. मृते पितरि कुर्युस्तं भ्रातरस्त्वर्धभागिकम्.' शूद्राला दासीपासून झालेला मुलगा बापाच्या मर्जीने वाटा घेऊ शकतो. बाप मेल्यावर भावांनी त्याला अर्धा वाटेकरी करावं. पुढे म्हटलंय की भाऊ नसतील, मुलीचे मुलगेही नसतील, तर त्याने सगळं घ्यावं. मिताक्षरेने, म्हणजे त्या स्मृतीवरच्या टीकेने, हे उचललं, आणि इंग्रजांनी मिताक्षरा आपल्याकडे प्रमाण मानली. मग हा श्लोक कुलाब्याच्या खोतापासून सोलापूरच्या माळ्यापर्यंत सगळ्यांवर कायदा म्हणून बसला.

दासी म्हणजे विकत घेतलेली गुलाम असा मूळ अर्थ. गुलामगिरी तर १८४३ च्या कायद्याने कोर्टाच्या लेखी संपली होती. मग मुंबई हायकोर्टाने अर्थ ताणला. कायम, उघडपणे, एकाच माणसाकडे राहिलेली बाई ती दासी. १८७५ चा राही विरुद्ध गोविंद हा त्यातला पायाचा निकाल. त्यातच उलटी बाजूही आहे. त्या बाईचा नवरा हयात असेल, तर तिला दुसऱ्यापासून झालेला मुलगा दासीपुत्र नाही. तो व्यभिचारातला. त्याला फक्त पोटगी.

तीन वर्षांनी सादू विरुद्ध बायजा. तिथे हायकोर्ट आणखी पुढे गेलं. बापामागे औरस आणि दासीपुत्र एकत्र कुटुंबातले भागीदार धरले, आणि औरस भाऊ मेल्यावर मागे राहिलेल्या दासीपुत्राकडे मिळकत गेली. त्या काळच्या गावकीला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

घोंगडी, चार गोष्टी सांगा, मग तुमच्या तीन एकरांचं कोडं सुटेल.
पणजोबा कधी वारले? १७ जून १९५६ च्या आधी की नंतर?
ते भावांपासून विभक्त होते का?
पणजी त्यांच्या मागे हयात होत्या का? १९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा मिळायला लागला होता, म्हणून विचारतो.
आणि सगळ्यात महत्त्वाचं. तात्यांची आई घरात आली तेव्हा तिचा पहिला नवरा, असलाच तर, जिवंत होता का?

---

तर्कट
बुधवार, सकाळी ९.३०

म्हणजे आपलं शास्त्र उदारच म्हणायचं. इंग्लंडात लग्नाबाहेरचं पोर म्हणजे कायद्याने 'कुणाचाच मुलगा नाही'. आपल्याकडे निदान अर्धा वाटा. उगाच सगळ्या गोष्टींत स्मृतींना शिव्या घालायची फॅशन आहे.

---

परदेशी_पोपट
बुधवार, सकाळी १०.१५

इंग्लंडचं खरं आहे. पुढे आईबापांनी लग्न केलं तरी पोर औरस होत नसे. तेराव्या शतकात मर्टन इथल्या सभेत सरदारांनी हे बदलायला साफ नकार दिला आणि तो नियम १९२६ पर्यंत टिकला. मृत्युपत्र नसताना बापाच्या मिळकतीत वाटा मिळायला तर १९७० उजाडलं. या बाबतीत सातारचा लेकावळा लंडनच्या लेकावळ्यापेक्षा शंभर वर्षं पुढे होता. (आज इथे पाऊस आहे, म्हणून एवढा वेळ.)

---

ओवी
बुधवार, दुपारी १.२०

तर्कट, श्लोकात 'शूद्रेण' आहे ते वाचलंत ना? उदारपणा एका वर्णापुरता. ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्याच्या दासीपुत्राला काय? फक्त पोटगी. म्हणजे ज्यांच्याकडे वाडे आणि वतनं होती त्यांची मिळकत सुरक्षित, आणि ज्यांच्याकडे चार बिघे होते त्यांच्यात वाटणी.

दुसरं, श्लोकात 'जातः' आहे, मुलगा. दासीपुत्रीचं काय? काका सांगतील, पण माझ्या वाचनाप्रमाणे तिला बापाकडून वाटा नाहीच, हिंदू कायद्यात पोटगीसुद्धा नाही. फौजदारी कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला तर काय ती महिन्याची रक्कम.

आणि स्मृतींची उदारता बघायचीच तर मनूने बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत. गूढोत्पन्न, म्हणजे घरात गुपचूप झालेला. सहोढ, आई लग्नाच्या वेळी गरोदर होती तो. कानीन, कुमारिकेचा. हे सगळे आईशी लग्न करणाऱ्याचे मुलगे धरायचे! उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला हेच ऐकवतो की तू कानीन, म्हणून धर्माने पांडूचा मुलगा, चल, राज्य तुझंच आहे. ही खरी सोय होती. ती कुठे गेली? कलियुगात चालणार नाही म्हणून नंतरच्या पंडितांनी बारापैकी औरस आणि दत्तक एवढे दोनच ठेवले, बाकीचे दहा वर्ज्य. कर्ण आमच्या घरी जन्मला असता तर तोही चुलवणापाशीच बसला असता.

---

निवृत्त_वकील
बुधवार, दुपारी ३.४०

ओवीताई, मुलीबद्दल बरोबर बोललात. १९५६ पर्यंत तिला हिंदू कायद्याखाली बापाकडे मागण्यासारखं काही नव्हतं.

'शूद्रेण' या एका शब्दाने मात्र कोर्टात जो तमाशा झाला तो सांगायलाच हवा. वाटा हवा असेल तर दासीपुत्राने सिद्ध करायचं की आमचं घराणं शूद्र. आणि औरस मुलाने सिद्ध करायचं की आम्ही क्षत्रिय, म्हणून याला फक्त पोटगी. एकाच बापाची दोन पोरं, एकाच जातीतली, समोरासमोर उभी राहून एक म्हणतो आम्ही शूद्र, दुसरा म्हणतो क्षत्रिय. साक्षीदार भट, गावचा पाटील, न्हावी. प्रश्न ठरलेले. मुंज होते का? जानवं आहे का? लग्न वेदोक्त की पुराणोक्त? सुतक किती दिवस पाळता?

मोठमोठी घराणीही यातून सुटली नाहीत. तंजावरच्या भोसल्यांच्या मिळकतीवरून दावा झाला, कोल्हापूरचे महाराज त्यात पक्षकार. १९२४ साली मद्रास हायकोर्टाने तंजावरच्या राजघराण्याला शूद्र ठरवलं. चार वर्षांनी सुब्राव विरुद्ध राधा या दाव्यात मुंबई हायकोर्ट म्हणालं, मराठ्यांत तीन वर्ग. पाच घराणी, शहाण्णव कुळं आणि बाकीचे. पहिले दोन क्षत्रिय, उरलेले शूद्र. त्यानंतर सातारा-कोल्हापूरकडच्या प्रत्येक दाव्याच्या कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, 'आम्ही शहाण्णव कुळी' हे वाक्य छापल्यासारखं येतं. वंशाभिमानाचं जाऊ द्या. त्या वाक्याची किंमत एकरांत होती.

---

तर्कट
बुधवार, दुपारी ४.०२

बरं, उदार हा शब्द मागे घेतो. कानीनचा मुद्दा मला माहीत नव्हता.

---

घोंगडी
बुधवार, रात्री १०.५५

हात थरथरतायत, काका. आजोबांची कैफियत सापडली. कलम ४: 'प्रतिवादीचे घराणे शहाण्णव कुळी क्षत्रिय असून वादीस मिळकतीत हिस्सा मागण्याचा अधिकार नाही.' आणि तात्यांच्या जबानीत: 'आम्ही शूद्र आहोत. आमच्या घरात कुणाची मुंज झाल्याचे माझ्या माहितीत नाही.'

तात्यांना शाळा दुसरीपर्यंत. हे वाक्य त्यांना वकिलाने पढवलं असणार. 'आमच्या घरात' म्हणालेत पण. ज्या घरात पडवीच्या पुढे गेले नाहीत, ते.

उत्तरं:
पणजोबा १९५३ च्या श्रावणात वारले.
भावकीतली वाटणी १९३० च्या सुमारास झालेली, फेरफारात दिसते.
पणजी आधीच गेल्या, दोन वर्षं आधी.
चौथं शोधतोय. एका साक्षीदाराची जबानी आहे पण शाई फिकी झालीय. फोन जवळ धरून फोटो काढून मोठा करून वाचतोय.

---

संपादक मंडळ
बुधवार, रात्री ११.३०

धागा चांगला चाललाय. फक्त आडनावं, गावं आणि 'अमुक घराणं खरं शहाण्णव कुळी का' हे वाद इथे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांचे उडवले त्यांना कारण ठाऊक आहे.

---

मोडीवाला
गुरुवार, सकाळी ८.१०

पहिल्या नवऱ्याच्या मुद्द्यावर एक भर. आपल्याकडच्या बहुसंख्य जातींत काडीमोड आणि पाट (कुठे मोहतूर म्हणतात) सर्रास चालत होता. नवरा नांदवत नाही, पंच बसले, सोडचिठ्ठी झाली, बाई दुसऱ्याशी पाट लावून मोकळी. पोरं गोड. कुणाला काही वाटत नसे. उलट 'विधवेचं लग्न नाही' हा पांढरपेशांचा प्रश्न. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा मुख्यतः त्यांच्यासाठी आला, आणि त्यात अशा लग्नाची संतती औरस असं लिहावं लागलं.

पण १८७६ साली शंभू रघूच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने सांगितलं की लग्न मोडायचा किंवा बाईला दुसरं लग्न करू द्यायचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. झालं. जातीत पाटाची बायको, कोर्टात व्यभिचारिणी. पंचांच्या सोडचिठ्ठीला किंमत शून्य. गावात जे पोर काल औरस होतं, ते दाव्याच्या पहिल्या तारखेला अनौरस.

मला या सगळ्यात हेच खटकतं. अनौरस पोर जन्मतं असं आपण समजतो. कागद बघितले तर ते पुष्कळदा नंतर, कुणाच्या तरी लेखणीने झालेलं असतं.

---

पेडणेकर
गुरुवार, सकाळी ११.४५

आमच्या गोव्याची गंमत ऐका. पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून आमच्याकडे लागू. त्यात वर्णाचा प्रश्नच नाही, पण प्रतवारी आहेच. बापाने रीतसर 'हे माझं' म्हणून नोंद केलेलं पोर एक. आणि ज्याची तशी नोंद करायलाच बंदी ते दुसरं, म्हणजे व्यभिचारातलं किंवा निषिद्ध नात्यातलं. त्याला 'एस्पुरिय' म्हणत. त्याला अन्नवस्त्रापुरतं, बाकी काही नाही.

नोंदलेल्यातही तारखेला महत्त्व. बापाच्या लग्नाआधी नोंद झाली असेल तर औरस भावाच्या हक्काच्या वाट्यातून एक तृतीयांश कमी. लग्नानंतर नोंदलं असेल तर तेवढंच, पण तेही बापाला मर्जीने देता येणाऱ्या हिश्श्यातूनच. म्हणजे तेरेखोलच्या तुमच्या बाजूला अर्धा, आमच्या बाजूला दोन तृतीयांश. खाडी ओलांडली की पोराची किंमत बदलायची.

---

ओवी
गुरुवार, दुपारी २.१५

विषय शेतीच्या वाटण्यांत अडकलाय, पण ज्यांची पोरं वाटणीपर्यंत जगलीच नाहीत त्यांचं काय? पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. त्याआधीच एका काशीबाईने बाळाला मारून विहिरीत टाकलं होतं आणि तिला काळं पाणी झालं होतं. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा त्या घरी येऊन गेल्या, असं जोतीरावांनीच लिहिलंय. पंढरपूरला १८७५ मध्ये तिथले सबजज्ज लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने अनाथ बालकाश्रम निघाला. वारीच्या गर्दीत टाकून दिलेल्या पोरांचं ते गाव.

१८७४ मध्ये जोतीरावांनी दुसऱ्या एका काशीबाईचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. आणि १८८७ साली मृत्युपत्र करून मिळकत त्याच्या नावे केली. पूर्वी मला वाटायचं की कुणीही करतं तसं मृत्युपत्र. आता काकांचे नियम वाचल्यावर वाटतं, त्या कागदाशिवाय यशवंतचं काय झालं असतं? विधवेचा मुलगा, जात वेगळी. आणि दत्तक घ्यायचा तो आपल्याच वर्णातला, हा नियम. भावकीने कोर्टात एक अर्ज टाकला असता की संपलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा यशवंतच्या हक्कावरून भावकीने खोळंबा केलाच, शेवटी अंत्ययात्रेतलं टिटवं सावित्रीबाईंनी धरलं.

---

निवृत्त_वकील
गुरुवार, दुपारी ४.५०

ओवीताई, दत्तकाबद्दल माझंही मत तेच. मृत्युपत्राने ती सगळी भानगड टळली.

कोल्हापूरचाही उल्लेख व्हायला हवा. शाहू महाराजांनी १९२० साली संस्थानात अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या वारसाहक्कांबद्दल कायदा केला. जोगतीण, मुरळी यांची पोरं तर 'बाप कोण' या प्रश्नाच्याच बाहेर होती. मुंबई सरकारचा देवदासींचा कायदा त्यानंतर चौदा वर्षांनी आला.

आता घोंगडींच्या बारा एकरांचं गणित. 'अर्धा वाटा' म्हणजे कशाच्या अर्धा? याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वकिलांची पोटं भरली. एक अर्थ, औरसाला जेवढं मिळेल त्याच्या अर्धं. मग आठ आणि चार. दुसरा अर्थ, तो स्वतः औरस असता तर जेवढं मिळालं असतं त्याच्या अर्धं. औरस असता तर सहा मिळाले असते, त्याचे अर्धे तीन. मग नऊ आणि तीन. मिताक्षरेत हा दुसरा अर्थ चालला.

पणजोबा जून १९५६ च्या आधी गेले. विभक्त होते. विधवा मागे नाही. औरस मुलगा एक. तात्यांना किती?

---

घोंगडी
गुरुवार, संध्याकाळी ५.०६

तीन.

---

घोंगडी
गुरुवार, रात्री ९.२०

दोन तास अंगणात बसून होतो. बाबांना विचारलं. म्हणाले, 'आबांनी दिली, असंच ऐकलंय.' त्यांना दाव्याची माहिती नाही, किंवा आहे आणि सांगायची नाही.

चौथं उत्तर मिळालं. साक्षीदार गावचा न्हावी, वय ६८. वाचता आलं तेवढं असं: 'सदर बाईचा लग्नाचा नवरा मानमोडीच्या साथीत मयत झाला. मी त्याची श्मश्रू केली नाही कारण त्या दिवसांत कोणी कोणाच्या दारात जात नव्हते. बाई त्यानंतर दोन वर्षांनी मयताचे मळ्यात राहावयास आली.' मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा ना? त्या न्हाव्याच्या या वाक्यावर तात्यांचे तीन एकर उभे आहेत. नवरा जिवंत निघाला असता तर नुसती पोटगी.

मग पाट का नाही लावला? विधवाच होती की. जबानीत पुढे 'जात भिन्न असलेने' एवढे शब्द आहेत. तिची जात कागदात आहे, इथे लिहीत नाही.

---

मोडीवाला
गुरुवार, रात्री ९.४१

हो, मानमोडी म्हणजे तीच साथ. न्हावी साक्षीला का बोलावला, हे लक्षात आलं ना? मर्तिकाला, लग्नाला, मुंजीला, सगळीकडे तो हजर. गावचं चालतं-बोलतं दप्तर.

---

तर्कट
गुरुवार, रात्री १०.१२

काका, मग १९५६ नंतर तर सगळे समान झाले असतील. दासीपुत्र वगैरे बंद.

---

निवृत्त_वकील
शुक्रवार, सकाळी ६.५०

शब्द बंद झाला. वाटाही बंद झाला.

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्यात मुलगा म्हणजे औरस किंवा दत्तक. अनौरस मूल फक्त आईचं आणि आईच्या इतर अनौरस मुलांचं नातेवाईक. शूद्र-द्विज भेद गेला, चांगलंच झालं, पण गेला तो सगळ्यांना शून्यावर आणून. पणजोबा आणखी तीन वर्षं जगले असते तर तात्यांना वारस म्हणून एक गुंठाही मिळाला नसता. 'आधुनिक कायद्याने न्याय दिला' असं कुणी म्हणालं की मला माझे दोन-तीन अशील आठवतात, ज्यांचा बाप चुकीच्या वर्षी मेला.

दुसरा घोळ दुसरेपणाच्या बायकोचा. मुंबई प्रांतात १९४६ पर्यंत हिंदूला दोन-तीन बायका करता येत, सगळ्यांची पोरं औरस. त्या सालच्या कायद्याने दुसरं लग्न रद्दबातल. लोकांनी करायचं थांबवलं का? छे. लग्नं वाजतगाजत झाली, पत्रिका छापल्या, आणि पोरं अनौरस. १९५५ च्या विवाह कायद्यात सोळावं कलम होतं, पण कोर्टाने लग्न रद्द ठरवल्याचा हुकूम हवा, तरच त्या पोरांना संरक्षण. म्हणजे पोराला औरस ठरवायचं तर कुणीतरी आधी त्याच्या आईचं लग्न मोडायला कोर्टात जावं! १९७६ च्या दुरुस्तीने ही अट काढली. तेव्हापासून रद्दबातल लग्नाची मुलं औरस, पण हक्क आईबापांच्या मिळकतीपुरता. वडिलोपार्जित मिळकतीचं काय, यावर पुढे जवळजवळ पन्नास वर्षं भांडण. सर्वोच्च न्यायालयाने रेवणसिद्दप्पा प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यात या मुलांना हिस्सा आहे, पण ती एकत्र कुटुंबाची भागीदार होत नाहीत.

आणि अजिबात लग्नच झालेलं नसेल, तर सोळावं कलम लागू नाही. पोटगी मिळते. फौजदारी संहितेखाली ती कमाल ५०० रुपये होती, आईबाप-मुलं सगळ्यांसाठी हीच मर्यादा, २००१ मध्ये काढली.

---

ओवी
शुक्रवार, सकाळी ११.००

एक छोटीशी गोष्ट. माझ्या भाचीचा जन्म मे २०२४ नंतरचा. राज्याच्या नव्या नियमाने सरकारी कागदांवर आधी तिचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. क्लार्कने तीनदा विचारलं, 'आईचं नाव मध्ये? नक्की?' २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाची पालक होऊ दिलं, तेव्हाही लोक असंच म्हणाले असतील.

घोंगडी, तात्यांना बहीण होती का? सहज विचारतेय. मुलीचा उल्लेख कुठेच आला नाही.

---

घोंगडी
शुक्रवार, रात्री १०.३०

होती. जनाआत्या. मी तिला एकदाच बघितलंय, मळ्यात शेणी थापताना. सगळी पानं पुन्हा चाळली. दाव्यात तिचं नाव नाही. वादीत नाही, प्रतिवादीत नाही, वंशावळीच्या तक्त्यातही नाही. तक्त्यात पणजोबांच्या नावाखाली दोन रेघा आहेत. एक सरळ, आजोबांकडे जाणारी. दुसरी तुटक, तात्यांकडे. तिसरी रेघच नाही. बाबा म्हणाले तिला तात्यांनीच नांदायला लावली आणि परत आली तेव्हा त्यांनीच ठेवून घेतली. त्याच तीन एकरांत.

---

निवृत्त_वकील
शनिवार, सकाळी ७.३०

तुटकी रेघ. आम्ही सगळे तशीच काढायचो. कधी वाटलं नाही काही.

मधली पानं हवी असतील तर जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात दावा नंबर आणि साल घालून नकलेचा अर्ज करा. इतक्या जुन्या दाव्यांचे बाकीचे कागद बहुधा नष्ट केलेले असतात, हुकूमनामा मात्र जपून ठेवतात. तोच मागा.

---

घोंगडी
पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी ६.१५

हुकूमनामा मिळाला. 'प्रतिवादीने आपण क्षत्रिय असल्याचे शाबीत केलेले नाही. वादी हा चतुर्थांश हिश्शास पात्र आहे.' खाली सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा. पूर्वेस ओढा.

तात्यांचा नातू पुण्यात रिक्षा चालवतो. आम्ही बोलत नव्हतो असं नाही, पण बोलायचोही नाही. त्याला सगळ्या पानांचे फोटो पाठवले. तासभर निळ्या खुणा, उत्तर नाही. मग एकच ओळ आली: 'विहिरीचं पाणी लिहिलंय का बघ, तुमच्याकडून दरवर्षी भांडण होतं.'

लिहिलंय. शेवटच्या पानावर. आठ दिवसांच्या पाळीत दोन दिवस.